टोळधाडीची वाट : निरंक आणि कोरें यांतील अंतर

टोळधाडीविषयीं शेतकऱ्यांकरितां लिहावयाचें म्हणजे डबे वाजवावे, धूर करावा, फवारणी करावी, इतकें सांगून लेखक बहुधा थांबतो. हे उपाय खोटे नव्हेत. परंतु ते सर्व टोळ शेतावर येऊन बसल्यानंतरचे होत. टोळ उद्यां कोणत्या गांवीं जाणार हें आज कसें समजावें, हा प्रश्न त्याहून आधींचा आहे, आणि त्याचें उत्तर फवारणीच्या पंपांत नसून कागदावर आहे. आमचें सारें आयुष्य कागदावर गेलें. महसूल खात्यांतील कारकुनी करून सेवानिवृत्त झाल्यास आम्हांस नुकतेंच वर्ष लोटलें. शेतकीशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु गांव, तारीख आणि शेरा या तीन रकान्यांशीं आमचा जन्माचा परिचय आहे. याच तीन रकान्यांतून टोळधाडीची वाट कशी दिसूं लागते, आणि त्यांतील एका चुकीनें ती कशी नाहींशी होते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. तेंच येथें वाचकांपुढें ठेवितों.

एकच प्राणी, दोन स्वभाव

ज्यास आपण वाळवंटी टोळ म्हणतों तो सदासर्वदा झुंडीनें राहणारा प्राणी नव्हे. पाऊस बेताचा असलेल्या वर्षांत तो एकेकटा, मातकट रंगाचा, साध्या नाकतोड्यासारखा ओसाड मुलुखांत राहतो. पश्चिम आफ्रिकेपासून आपल्या राजस्थानापर्यंत पसरलेला सुमारे १ कोटि ६० लक्ष चौरस किलोमीटरांचा कोरडा पट्टा हें त्याचें शांततेच्या काळांतील घर. या पट्ट्यांत चांगला पाऊस पडला म्हणजे मादी ओल्या वाळूंत अंडीं घालते, हिरवळीवर पिलें वाढतात, आणि पुढें हिरवळ आटूं लागली म्हणजे उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर त्यांची दाटी होते. या दाटीनें त्यांचा रंग व स्वभाव हे दोन्ही पालटतात. पिलें तांडे करून चालूं लागतात आणि पंख फुटल्यावर त्यांचेच थवे होतात. एकटा राहणारा व झुंडीनें फिरणारा हे दोन निरनिराळे प्राणी नसून एकाच प्राण्याचीं दोन रूपें होत, हें बोरिस उव्हारोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनीं टोळाच्या दुसऱ्या एका जातीवरून १९२१ सालीं मांडलें. तेंच या टोळासही लागू आहे असें पुढें ठरलें.

थव्याचें बळ आंकड्यांवरून ध्यानांत येईल. एका चौरस किलोमीटराच्या थव्यांत ४ कोटींपासून ८ कोटींपर्यंत टोळ असूं शकतात. प्रत्येक टोळ दिवसाला आपल्या वजनाइतका, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, पाला खातो. एवढा एकच थवा सुमारे ३५,००० माणसांच्या एका दिवसाच्या अन्नाइतकें अन्न एका दिवसांत फस्त करितो. वाऱ्याच्या बेतानें तो ताशीं सुमारे १६ ते १९ किलोमीटर चालतो, आणि दिवसाला कधीं पांच किलोमीटर तर कधीं १३० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक मजल मारतो. १९५४ सालीं वायव्य आफ्रिकेतून टोळ ब्रिटिश बेटांपर्यंत गेले. १९८८ सालीं पश्चिम आफ्रिकेतून निघालेले टोळ अटलांटिक महासागर ओलांडून सुमारे दहा दिवसांत कॅरिबियन बेटांवर उतरले. ज्याला महासागर अडवीत नाहीं त्याला आपल्या शेताचें कुंपण काय अडविणार!

बातम्यांचा नकाशा

अशा प्राण्याच्या मागें मोटारीनें धांवून त्याची वाट कळणें शक्य नाहीं. पाहणारा एका गांवीं उभा असतो आणि थवा घटकाभरांत त्याच्या दृष्टीपलीकडे जातो. त्याला दिसतो तो केवळ एक ठिपका : अमुक गांव, अमुक तारीख, टोळ दिसले. वाट म्हणून जी आहे ती कोणालाच डोळ्यांनीं दिसत नाहीं. अनेक ठिपके तारखेच्या क्रमानें एकत्र आले म्हणजेच ती कागदावर उमटते.

हें काम मोठ्या प्रमाणावर लंडन येथें उव्हारोव्ह यांच्या देखरेखीखालीं १९२९ पासून सुरू झालें. आफ्रिका, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान या मुलुखांतून येणारी बातमी, मग ती शेतकी अधिकाऱ्याची असो, प्रवाशाची असो किंवा समुद्रावरील जहाजाची असो, ठिकाण व तारीख लावून नकाशावर चढविली जाऊं लागली. महिन्यामागून महिना असे नकाशे सांठत गेले. झीना वालॉफ या विदुषींनीं या सांठ्यांतून टोळांच्या जोराचीं व ओसरण्याचीं वर्षें लावून दाखविलीं. त्यांचा तो अभ्यास १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या देशांतही रावबहादुर वाय. रामचंद्र राव यांनीं १९३० नंतरच्या दशकांत सिंध, बलुचिस्तान व राजपुताना या भागांत टोळांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९३९ सालीं टोळांची पूर्वसूचना देणारी सरकारी संस्था भारतांत निघाली व १९४६ सालीं ती पीकसंरक्षणाच्या मध्यवर्ती खात्यांत सामील झाली. तिचें मैदानी कामाचें मुख्य ठाणें जोधपूर येथें आहे. सर्व देशांच्या बातम्या एकत्र करण्याचें काम १९७८ पासून रोम येथून संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना पाहते. तेथें कागदी नकाशाची जागा आतां संगणकानें घेतली आहे. परंतु संगणकाच्या पोटांत जातें तें तेंच : कोठें, केव्हां आणि काय दिसलें.

वारा हा वाटाड्या

पुष्कळ नकाशे जमल्यावर प्रश्न असा आला कीं, थवे ज्या बाजूस जातात त्याच बाजूस कां जातात? टोळांना हिरव्या पिकाचा वास दुरून येतो व ते तिकडे रोख धरतात, असा आपल्याकडे समज आहे. रेजिनाल्ड रेनी या शास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं निराळें उत्तर मांडलें. थव्याच्या आंत पाहिलें तर टोळांचीं तोंडें नाना दिशांस असतात. थव्याच्या कडेला आलेले टोळ पुन्हां आंत वळतात, म्हणून थवा फुटत नाहीं. परंतु सबंध थवा मात्र वाऱ्याबरोबर सरकत जातो. दोन बाजूंचे वारे ज्या पट्ट्यांत एकमेकांस मिळतात त्या पट्ट्याकडे तो अखेरीस ओढला जातो. आतां वारे जेथें मिळतात तेथेंच हवा वर चढते व पाऊस पडतो. म्हणजे टोळाला पावसाचें ठिकाण शोधावें लागत नाहीं. जो वारा त्याला नेतो तोच त्याला पावसाच्या व पर्यायानें ओल्या वाळूच्या पट्ट्यांत पोंचवितो. याचा अर्थ शेतकऱ्यानें असा घ्यावा कीं, थवा दिसला म्हणजे टोळांकडे पाहण्याबरोबरच वाऱ्याकडेही पाहिलें पाहिजे.

रेघ ओढण्याची रीत

ठिपके जोडावयाचे म्हणजे लेखणी घेऊन एका गांवापासून दुसऱ्या गांवापर्यंत रेघ ओढावयाची, इतकें तें सोपें नाहीं. दोन ठिपके एकाच थव्याचे आहेत कीं दोन थव्यांचे, हें आधीं ठरवावें लागतें. एक उदाहरण घेऊं.

समजा, अ गांवाहून सकाळीं नऊ वाजतां थवा उठला. ब गांव त्याच्या आग्नेयेस ४५ किलोमीटरांवर आहे; तेथें त्याच दिवशीं दुपारीं बारा वाजतां टोळ दिसले. तीन तासांत ४५ म्हणजे ताशीं १५ किलोमीटर. हा वेग टोळांस साजेसा आहे, आणि वारा वायव्येकडून वाहत असेल तर दिशाही जुळते. सबब अ आणि ब हे ठिपके एकाच थव्याचे मानण्यास हरकत नाहीं. आतां क गांव अ च्या पश्चिमेस ६० किलोमीटरांवर आहे, आणि तेथेंही बारा वाजतांच टोळ दिसल्याची बातमी आली. तीन तासांत ६० किलोमीटर, व तेंही वाऱ्याच्या विरुद्ध, हें शक्य नाहीं. म्हणजे एक तर क येथें दुसरा थवा आहे, किंवा क गांवची वेळ अगर तारीख चुकीची आहे. या दोहोंपैकीं खरें काय, हें कळण्यास पुन्हां क गांवींच विचारिलें पाहिजे. कचेरींत बसून तें ठरत नाहीं.

दुसरी कसोटी रंगाची. नुकतेच पंख फुटलेले, अजून अंडीं घालण्याच्या वयास न आलेले झुंडीचे टोळ गुलाबी असतात. वयांत आलेले पिवळे होतात. हा पालट एका रात्रींत होत नाहीं, त्यास कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून काल एका गांवीं गुलाबी व आज शेजारच्या गांवीं पिवळे टोळ दिसले, तर ते दोन थवे समजावे. गुलाबी थवा पाला खाऊन पुढें जातो. पिवळा थवा ओल्या वाळूसरस जमिनींत अंडीं घालण्याचा संभव असतो, आणि मग महिनाभर त्या शिवारावर लक्ष ठेवावें लागतें.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. थवा बहुधा दिवस मावळण्याच्या सुमारें तासभर आधीं खालीं उतरतो, रात्रभर झाडांवर बसून राहतो, आणि सकाळीं अंगास ऊन लागून दोन-अडीच तास झाल्यावर उठतो. टोळ मारण्याची खरी वेळ म्हणजे ही रात्र व पहांट. म्हणून नकाशावरील सर्व ठिपक्यांत मुक्कामाचा ठिपका सर्वांत मोलाचा. दुपारीं डोक्यावरून गेलेल्या थव्याचा ठिपका दिशा सांगतो. संध्याकाळीं उतरलेल्या थव्याचा ठिपका फवारणीची जागा सांगतो.

निरंक आणि कोरें

आतां लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. सरकारी कचेरींत ज्यांचा वावर झाला आहे त्यांस निरंक हा शब्द परिचित आहे. दरमहाच्या तक्त्यांत एखाद्या गांवापुढें सांगण्यासारखें कांहींच नसलें, तर तेथें निरंक असें लिहावयाचें असतें. नवा कारकून पुष्कळदां तो रकाना कोरा सोडतो व दोन्ही एकच समजतो. तें एक नव्हे. निरंक म्हणजे कोणीतरी पाहिलें व कांहीं नाहीं असें आढळलें. कोरें म्हणजे कोणी पाहिलेंच नाहीं. पहिली एक बातमी आहे. दुसरा बातमीचा अभाव आहे.

हा भेद किती महाग पडूं शकतो याचा दाखला अरबस्तानांत सांपडतो. त्या देशाच्या दक्षिणेस रुब-अल-खाली नांवाचें अफाट वाळवंट आहे. त्याच्या नांवाचा अर्थच रिकामा मुलूख असा आहे. मे २०१८ मध्यें मेकुनू व ऑक्टोबर २०१८ मध्यें लुबान अशीं दोन चक्रीवादळें अरबी समुद्रांतून त्या बाजूस गेलीं. त्यांच्या पावसानें वाळूंत तळीं सांचलीं व हिरवळ उगवली. तेथें रस्ता नाहीं, वस्ती नाहीं, पाहणारा माणूस नाहीं. नकाशाचा तो भाग कोरा राहिला. आणि त्या कोऱ्या भागांत टोळांच्या तीन पिढ्या एकामागून एक वाढल्या. एका पिढीस सुमारे तीन महिने लागतात व अनुकूल पावसांत एका पिढींत संख्या सुमारे वीसपट होते. तीन महिन्यांनीं २० पट, सहा महिन्यांनीं ४०० पट, आणि नऊ महिन्यांनीं ८,००० पट. हा हिशेब अन्न व शेती संघटनेनेंच मांडला आहे. व्याजाचा धंदा करणाऱ्यासही असा दर माहीत नसेल! २०१९ च्या आरंभीं थवे बाहेर पडूं लागले तेव्हां जगास खबर लागली. पुढें तेच बळ येमेन, सौदी अरेबिया, इराण, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि पाकिस्तान असें पसरत गेलें. २०२० सालीं केनिया देशानें सत्तर वर्षांतील सर्वांत मोठी टोळधाड पाहिली.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां आकाशांत उपग्रह आहेत, त्यांस टोळ दिसत नाहींत काय? थवे असे दिसत नाहींत. उपग्रहावरून पाऊस कोठें पडला व हिरवळ कोठें उगवली हें कळतें, आणि त्यावरून कोठें जाऊन पाहावें हें ठरवितां येतें. टोळ आहेत कीं नाहींत हें सांगण्यास मात्र अजूनही माणसानेंच जागेवर उभें राहावें लागतें.

तीच धाड आपल्याकडे

मे २०१९ मध्यें टोळ राजस्थानांत जेसलमेर जिल्ह्यांत शिरले, आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत राजस्थान व गुजरात या राज्यांत मुख्यतः हें युद्ध चाललें. सुमारे चार लक्ष हेक्टर क्षेत्रावर बंदोबस्त करावा लागला. तो संपतो न संपतो तोंच एप्रिल २०२० पासून पाकिस्तानच्या बाजूनें नवे टोळ येऊं लागले. नेहमींच्या क्रमानें हे थवे पावसाळ्याच्या तोंडाशीं येतात, राजस्थानांत ओल असते, व ते तेथेंच राहून अंडीं घालतात. त्या वर्षीं ते लौकर आले. वाळवंटांत ओल नव्हती, हिरवळ नव्हती, थव्यांचा रंग गुलाबी होता, आणि पश्चिमेकडील वारे जोराचे होते. त्यामुळें थवे न थांबतां पूर्वेस सरकले. जयपूर शहरावरून टोळ उडतांना लोकांनीं पाहिले. मध्यप्रदेश ओलांडून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत ते आपल्या अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत उतरले. पुढें मोसमी वारे सुरू झाल्यावर बरेच थवे पुन्हां राजस्थानाकडे वळले व तेथें अंडीं घातलीं गेलीं. ही सर्व हालचाल वाऱ्याच्या नकाशाशीं ताडून पाहिली असतां तींत गूढ असें कांहीं उरत नाहीं. परंतु ती ताडून पाहण्यास ठिपके खरे असावे लागतात. आमचा ठिपका खोटा निघाला. ती हकीकत आतां सांगतों.

आमच्या रकान्यांतील चूक

त्या वेळीं आम्ही विदर्भांतील एका तालुक्याच्या कचेरींत कामास होतों. टाळेबंदीचे दिवस, कचेरींत मोजकीं माणसें, आणि टोळांच्या बातम्यांचे फोन एकावर एक येत होते. तालुक्यांतील गांवांचा तक्ता करून दुपारीं वर पाठवावयाचा, हें काम आमच्याकडे आलें. तक्त्यांत रकाने होते ते असे : अनुक्रमांक, गांवाचें नांव, दिनांक, शेरा. दिनांक कशाचा, तें तक्त्यांत लिहिलेलें नव्हतें, व आम्हींही विचारिलें नाहीं.

सकाळीं दहाच्या सुमारास उत्तरेकडील एका गांवाहून एका वृद्ध शेतकऱ्याचा फोन आला. त्यांनीं सांगितलें कीं, काल दिवस बुडतां नाल्याकांठच्या बाभळींवर टोळ बसले होते, आणि आज ऊन तापतांच उठून दक्षिणेच्या अंगास गेले. आम्हीं एका कानानें तें ऐकिलें, दुसरा फोन दुसऱ्या कानाशीं होता. तक्त्यांत आम्हीं दिनांक त्या दिवसाचा घातला, आणि शेऱ्यांत लिहिलें : नाल्याकांठीं बाभळींवर टोळ बसले. ‘काल’ हा शब्द गळाला. ‘उठून गेले’ हे शब्दही गळाले. दक्षिणेकडील गांवांतून फोन आला नाहीं. ते रकाने आम्हीं कोरे ठेविले. आणि ज्यांनीं तो तक्ता वाचला त्यांनीं कोरें म्हणजे निरंक असें समजून घेतलें. त्यांचा दोष नव्हे. आम्हांसही तसेंच वाटत होतें.

त्या संध्याकाळीं फवारणीचीं माणसें ट्रॅक्टर व पंप घेऊन उत्तरेच्या गांवीं गेलीं व बत्तीच्या उजेडांत रात्रभर बाभळी धुंडीत बसलीं. बाभळींवर पाला नव्हता आणि टोळही नव्हते. थवा दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर एका संत्र्याच्या बागेंत उतरला होता. सकाळीं मालक बागेंत गेला तेव्हां कोंवळी पालवी सारी खाल्ली गेली होती, आणि आंबिया बहाराचीं बारीक फळें उघड्या फांद्यांवर उन्हांत लटकत होतीं.

तो मालक त्या वृद्ध शेतकऱ्याचा सख्खा भाचा. चार दिवसांनीं मामा व भाचे दोघेही नुकसानीचा अर्ज घेऊन कचेरींत आले. भाच्यानें एक बोडकी डहाळी टेबलावर ठेविली. मामांनीं तक्त्याची प्रत पाहण्यास मागितली, चष्मा लावून आपल्या गांवची ओळ वाचली, आणि म्हणाले, “बाबूजी, मी काल म्हणून सांगितलं होतं. तुमच्या कागदावर त्याचं आज कसं झालं?”

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. फवारणी वेळेवर झाली असती तर सबंध बाग वाचली असती, असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढें कोणासच सांगतां येणार नाहीं. परंतु ‘काल मुक्काम, आज दक्षिणेस प्रयाण’ एवढे शब्द त्या ओळींत असते, तर माणसें उत्तरेस गेलीं नसतीं हें निश्चित. त्या वृद्ध गृहस्थांनीं आपलें काम चोख केलें होतें. तारीख, जागा, मुक्काम, दिशा, सर्व कांहीं त्यांनीं सांगितलें होतें. थव्याची वाट त्यांच्या बोलण्यांत संपूर्ण होती. ती आमच्या लेखणीखालीं तुटली.

नोंद कशी करावी

म्हणून आमची आपल्या संस्थेच्या सभासदांस विनंति आहे कीं, टोळ दिसल्यास पुढील गोष्टी गांवच्या वहींत लिहून मगच फोन करावा, व ऐकणाऱ्याकडून त्या परत वाचून घ्याव्या.

पहिली, तारीख व वेळ. टोळ पाहिल्याची तारीख निराळी व कळविल्याची निराळी, दोन्ही लिहाव्या. हल्लीं भ्रमणध्वनीवर अशा नोंदी करण्याचीं साधनें निघालीं आहेत. अन्न व शेती संघटनेनेंही २०२० सालीं तसें एक साधन लोकांस दिलें. तीं चांगलीं आहेत. तथापि यंत्र टिपतें ती आपण उभे असूं ती जागा व ती वेळ. टोळ केव्हां व कोठें बसले होते हें माणसानेंच सांगावें लागतें.

दुसरी, जागा. नुसतें वडगांव किंवा पिंपळगांव लिहून भागत नाहीं; त्या नांवाचीं गांवें जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गांव, तालुका, शिवार व साधल्यास गट क्रमांक लिहावा.

तिसरी, अवस्था. टोळ उडत होते, उतरत होते, कीं बसले होते. गुलाबी होते कीं पिवळे. पंख होते कीं बिनपंखी पिलें होतीं. रुईवर दिसणारा पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा म्हणजे टोळ नव्हे; त्याची बातमी देऊन धांवपळ करवूं नये. शंका असल्यास एक किडा डबींत धरून ठेवावा.

चवथी, दिशा. आले कोणत्या बाजूनें व गेले कोणत्या बाजूस, हें दोन वाक्यांत लिहावें. ‘पश्चिमेचे टोळ’ असें मोघम लिहूं नये, कारण पश्चिमेकडून आले कीं पश्चिमेस गेले हें त्यांतून कळत नाहीं. वाऱ्याचें नांव तो येतो त्या बाजूवरून पडतें, आणि थव्याची वाट तो जातो त्या बाजूवरून सांगतात. या घोटाळ्यांत पुष्कळ नोंदी वाया जातात. मूठभर बारीक माती सोडून वारा पाहावा व तोही लिहावा.

पांचवी, आकार. थवा डोक्यावरून जाण्यास किती मिनिटें लागलीं, किंवा बसलेला थवा किती शेतांवर पसरला होता, हें लिहावें. ‘लाखों टोळ’ या शब्दांचा कोणास उपयोग नाहीं.

सहावी, साक्ष. स्वतः पाहिलें कीं ऐकिलें तें स्पष्ट लिहावें. २०२० सालीं दुसऱ्या मुलुखांतील चित्रें हातोहात फिरून आपल्याच गांवची म्हणून खपलीं. ऐकीव बातमीही द्यावी, परंतु ती ऐकीव म्हणून द्यावी.

सातवी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, निरंक. शेजारच्या तालुक्यांत टोळ आल्याचें कळलें म्हणजे संध्याकाळीं दिवस मावळतांना गांवच्या एकदोघांनीं शिवारफेरी करावी, आणि कांहीं न दिसल्यास तेंही तलाठ्यास अगर शेतकी खात्याच्या माणसास कळवावें : अमुक तारीख, अमुक वेळ, शिवार पाहिलें, निरंक. टोळ दिसले नाहींत तर फोन कशास करावयाचा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आपल्या गांवची निरंक ओळ पोंचली म्हणजे फवारणीचीं माणसें आपल्याकडचा शोध सोडून जेथें टोळ खरोखर उतरले असतील तेथें जातात. आणि एखाद्या रात्रीं शेजारच्या गांवाची निरंक ओळ त्यांना आपल्याकडे पाठविते.

त्या बागेंत पुढल्या पावसांत पुन्हां पालवी फुटली. परंतु त्या सालचा बहार गेला तो गेलाच. सेवानिवृत्तीच्या दिवशीं कचेरींतील मंडळींनीं निरोप दिला, त्या वेळीं नव्या कारकुनांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, तक्त्यांत दिनांक हा रकाना दिसला तर आधीं विचारा, कशाचा दिनांक. आणि रकाना कोरा दिसला तर आधीं विचारा, तेथें कोणी पाहिलें काय. शेतकरी बंधूंसही आम्ही तेंच सांगतों. टोळाची वाट वारा ठरवितो, तीवर आपली सत्ता नाहीं. परंतु ती वाट आपल्या वहींत खरी उतरावी कीं नाहीं, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.